चिकटेल तेवढीच पारी

पीठ पातळ करायच्या आपल्याकडे ठरलेल्या वाटा आहेत. पोळी लाटून पातळ होते. खानदेशातला मांडा हातांवर झुलवत ताणतात आणि उपड्या खापरावर टाकतात. घावनाचं पीठ सरसरीत करून तव्यावर ओततात. फिलिपिन्समधल्या लुम्पियाची, म्हणजे तिथल्या स्प्रिंग रोलची, पारी यांतल्या कुठल्याच वाटेनं जात नाही. ओल्या, लवचीक पिठाचा गोळा तापल्या तव्याला टेकवायचा, एक गोल फिरवायचा आणि लगेच उचलून घ्यायचा. गोळा हातात परत येतो. तव्यानं जेवढा पापुद्रा धरून ठेवला तेवढी पारी. पंधरा-वीस सेकंदांत तिच्या कडा सुटतात, बोटांनी अलगद ओढली की सगळी हातात येते, आणि तिच्यातून पलीकडचं दिसतं.

पातळपणा इथे तवा ठरवतो, हे एकदा लक्षात आलं की पुढची बरीचशी कोडी आपोआप सुटतात. पारी जाड आली, तिला भोकं पडली, गोळ्याबरोबर सगळीच निघून आली, अशा तक्रारी घेऊन माणसं पिठाचं प्रमाण बदलत बसतात. कमी पाणी, जास्त पाणी, थोडं कॉर्नफ्लॉवर, थोडं तेल. पीठ बहुतेक वेळा ठीकच असतं. चूक त्याच्याखालच्या आचेत असते.

स्प्रिंग रोल म्हणून आपण जो पदार्थ ओळखतो त्याच कुळातला हा लुम्पिया. दक्षिण चीनमधल्या फुजियान प्रांतातून समुद्रमार्गे गेलेल्या लोकांनी तो फिलिपिन्सच्या बेटांवर नेला. मनिलातली बिनोन्दो ही चिनी वस्ती १५९४ सालची, जगातल्या सर्वांत जुन्या चायनाटाउनपैकी एक. तिथे आजही ताज्या, न तळलेल्या लुम्पियात भाज्यांबरोबर शेंगदाण्याचा कूट, साखर आणि समुद्री शेवाळ घालतात. बिनोन्दोबाहेर पडल्यावर मात्र लुम्पिया पूर्णपणे फिलिपिनो झाला. खिम्याचा, करंगळीएवढा बारीक तो लुम्पियांग शांघाय. भाज्यांचा लुम्पियांग गुलाय. मोड आलेल्या मुगांचा लुम्पियांग तोगे. नारळाच्या झाडाच्या शेंड्यातल्या कोवळ्या गाभ्याचा लुम्पियांग उबोद, जो नेग्रोस बेटावरच्या सिलाय गावाचा नावाजलेला. या उबोदसाठी अख्खा माड तोडावा लागतो, कारण शेंडा काढल्यावर झाड जगत नाही. वाढदिवस, गावची फिएस्ता, नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण, कुठलाच समारंभ लुम्पियाशिवाय होत नाही. मर्चंट नेव्हीत काम करणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी तो फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर जहाजावरच पहिल्यांदा खाल्लेला असतो; आणि दावाओला डॉक्टरकी शिकायला गेलेल्या मराठी मुलांना तो कोपऱ्यावर मिळतो.

तिकडच्या बाजारात पाऱ्यांचे गठ्ठे तयार मिळतात. सणाच्या आदल्या दिवशी एकमेकींना चिकटलेल्या त्या पाऱ्या न फाडता एकेक सोडवायचं कंटाळवाणं काम घरातल्या पोरांच्या गळ्यात पडतं. कारखान्यात या पाऱ्या तापलेल्या फिरत्या लोखंडी पिंपावर होतात. पिंपाला पातळ पिठाचा थर लागतो, एका फेरीत शिजतो, पुढे सुटून येतो आणि चौकोनी कापला जातो. म्हणजे तत्त्व तेच, फक्त तवा गोल फिरतो. मुंबई-पुण्यात स्प्रिंग रोल शीट या नावानं गोठवलेली चौकोनी पाकिटं मिळतात आणि ती चांगली असतात. दीडशे जणांच्या कार्यक्रमाला शांघाय करायचे असतील तर घरी पाऱ्या करू नयेत, पाकीट आणावं. घरच्या पारीला खरा अर्थ आहे तो ताज्या लुम्पियात, जिथे पारी तळली जात नाही आणि तिचा मऊपणा थेट जिभेला कळतो. आणि दहा-पंधरा माणसांच्या जेवणात, जिथे दोन तास तव्यापाशी उभं राहणं परवडतं.

आता पीठ. गोळ्याच्या पद्धतीला चिवट पीठ लागतं, कारण गोळा तव्यावरून उचलताना तो तुटता कामा नये आणि मागे राहणारा पापुद्रा मात्र त्याच्यापासून सुटला पाहिजे. हा चिवटपणा येतो गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनातून. फिलिपिन्समध्ये गहू पिकत नाही, तो बाहेरूनच येतो, आणि तिथे पिठाची प्रतवारी दुकानात विचारूनच घेतात: पहिल्या प्रतीचं म्हणजे पावाचं, जास्त प्रथिनांचं, तिसऱ्या प्रतीचं म्हणजे बिस्किटांचं, मऊ. आपल्याकडे ‘मैदा’ एवढं एकच नाव असतं आणि पिशवीगणिक माल बदलतो. पाकिटामागच्या पोषणतक्त्यात १०० ग्रॅममागे प्रथिनं ११ ग्रॅम किंवा जास्त असतील तर तो मैदा घ्यावा. ९-१० असतील तर १०० ग्रॅम मैद्यामागे ३ ग्रॅम ग्लुटेन पावडर मिसळली की काम भागतं. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात ती मिळते. कणकेनं हे होत नाही. कोंड्याचे कण ग्लुटेनचे धागे कापतात, आणि एवढ्या पातळ थरात प्रत्येक कण एक भोक होऊन बसतो. सपिटाच्या चाळणीनं चाळलेली कणीकही पुरेशी बारीक ठरत नाही.

प्रमाण: मैदा ५०० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, पाणी ४०० मिलिलिटर, आणि जवळ आणखी ५० मिलिलिटर राखून ठेवलेलं. वाटीनं मोजू नये, काट्यावर मोजावं. मीठ चवीपुरतं नाही, ते ग्लुटेन घट्ट करतं. मीठ विसरलं तर गोळा हातातून ओघळतो. मैद्यात मीठ मिसळून आधी ३०० मिलिलिटर पाणी घालायचं आणि गुठळ्या मोडेपर्यंत मळायचं. उरलेलं पाणी थोडंथोडं, प्रत्येक वेळी जिरवून. सगळं पाणी एकदम ओतलं की गुठळ्या पाण्यात तरंगत राहतात आणि नंतर मोडत नाहीत. तयार झालेलं पीठ पोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी सैल आणि भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट हवं. मळायला ओटा उपयोगाचा नाही, खोल परात किंवा पातेलं लागतं.

मळणं म्हणजे इथे आपटणं. पाच बोटांत पीठ धरायचं, वर ओढायचं, भांड्यात आपटायचं, पुन्हा ओढायचं. सुरुवातीला ते बोटांना, मनगटाला, भांड्याला, सगळीकडे चिकटतं आणि यातून काही होणार नाही असं वाटतं. आठ-दहा मिनिटांनी आवाज बदलतो: पचपच जाते, थाप येते. पीठ भांड्याच्या बुडापासून एकसंध सुटू लागतं आणि त्याचा पृष्ठभाग चकाकतो. ओल्या बोटांनी चिमूट ओढून बघावी. न फाटता पडद्यासारखी ताणली गेली तर आपटणं पुरे. फाटली तर आणखी पाच मिनिटं. स्टँड मिक्सर असेल तर पातं लावून मध्यम गतीवर ६ ते ८ मिनिटांत हेच होतं.

मग पीठ भांड्यात दाबून सपाट करायचं आणि त्यावर हलक्या हातानं थंड पाणी ओतायचं, बोटाच्या पेरभर वर येईल एवढं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटतं. पण एवढं आपटलेलं ग्लुटेन घट्ट धरून असतं, त्याला सैलावायला वेळ लागतो. आणि उघडं ठेवलं तर वर साय धरते, जिचे तुकडे नंतर पारीत येतात. पाण्याखाली साय धरत नाही. वरचं थोडं स्टार्च पाण्यात सुटून पाणी दुधाळ होतं, ते होऊ द्यावं. किमान दोन तास, उत्तम म्हणजे चार, आणि आपल्या हवेत ते फ्रीजमध्येच. मे महिन्यात ओट्यावर रात्रभर ठेवलेलं पीठ सकाळी आंबूस वास मारतं आणि त्याचा चिवटपणाही गेलेला असतो. वापरायच्या अर्धा तास आधी बाहेर काढून पाणी ओतून टाकायचं आणि पीठ भांड्यातच चार-पाच वेळा दुमडून घ्यायचं. फ्रीजमधलं गार पीठ तसंच तव्याला टेकवलं तर तेच तव्याला थंड करतं.

तवा सपाट हवा. पोळीच्या तव्याला जरासा खोलगटपणा असतो, तो इथे नडतो, कारण गोळा कडांना टेकतो आणि मधे पीठ साचतं. बिडाचा डोशाचा सपाट तवा सगळ्यांत चांगला, २६ ते २८ सेंटिमीटरचा, मुरलेला. तो नसेल तर जाड बुडाचं सपाट नॉनस्टिक. पातळ तव्यावर गॅसच्या ज्योतीचं कडं उमटतं आणि पारीत तेवढाच गोल भाग करपतो. तव्याला तेल लावायचं नाही. हे पुन्हा सांगण्यासारखं आहे, कारण हात सवयीनं तेलाच्या वाटीकडे जातो. तेलाच्या थरावर ओलं पीठ धरत नाही, घसरतं. गोळा फिरवला की मागे पापुद्रा राहण्याऐवजी नुसत्या रेघा राहतात. बिडाच्या तव्यावर सुरुवातीला तेलाचं बोट फिरवून ते कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून काढावं, दिसेनासं होईपर्यंत.

आच मंद ते मध्यम. तव्यावर पाण्याचा थेंब टाकून बघावा: तो जागच्या जागी शांतपणे उकळून गेला तर तवा तयार. थेंब नाचत पळाला तर तवा फार तापलाय, नुसता बसून राहिला तर थंड आहे. पहिल्या दोन-तीन पाऱ्या तवा समजून घेण्यात जातात, त्यांचा हिशेब धरू नये. पुढे दर दोन पाऱ्यांनी ओलं, घट्ट पिळलेलं फडकं तव्यावरून फिरवायचं. चिकटलेले कण निघतात आणि वाढत चाललेली आचही खाली येते. अनुभवी हातांना गॅसच्या बटणापेक्षा हे फडकं जास्त लागतं.

गोळा घ्यायचा मुठीत मावेल एवढा, अडीचशे-तीनशे ग्रॅमचा. हाताला पाणी किंवा पीठ लावायचं नाही. तळहाताला चिकटलेला गोळाच ताब्यात राहतो. हा गोळा सतत खाली ओघळत असतो. तो पडायच्या आत मनगटाला हलका झटका देऊन परत वर घ्यायचा, पुन्हा ओघळला की पुन्हा झटका. हात थांबला की पीठ तव्यावर, ओट्यावर, पायावर, कुठेही पडतं. ही लय तव्याशिवाय, रिकाम्या भांड्यावर हात धरून आधी करून बघावी. ती जमली की अर्धं काम झालं.

मग तव्याच्या मध्यावर गोळा टेकवायचा, दाबायचा नाही, आणि बाहेरच्या बाजूनं एक पूर्ण गोल फिरवून मनगट वळवत उचलायचा. तव्याला स्पर्श सेकंद-दोन सेकंदांचा. उचलताना मधे एखादी शेपटी राहते, ती गोळ्यानंच टिपून घ्यायची. कुठे भोक दिसलं तर गोळ्याची कड तिथे नुसती टेकवून उचलायची, भोक बुजतं. पांढरा पापुद्रा दोन-चार सेकंदांत मंद, अर्धपारदर्शक होतो, कडा वाळून वर येतात. त्या क्षणी सोलायचा. पारी उलटायची नाही, दुसऱ्या बाजूनं भाजायची नाही. डाग पडले म्हणजे वेळ गेली: अशी पारी दुमडताना तडकते.

बिघाड कसा ओळखायचा? पापुद्रा तव्यावर न राहता गोळ्याबरोबर सगळाच वर आला, तर तवा थंड आहे किंवा तेलकट आहे. तव्याच्या उष्णतेनं खालचा थर लगेच जमला पाहिजे, तेव्हाच तो गोळ्यापासून तुटून मागे राहतो. पारी जाड आणि खरखरीत आली, गोळ्याचे लचके तव्यावर राहिले, तर तवा फार तापलाय: टेकताक्षणी जास्त खोलवरचं पीठ जमलं. सगळीकडे टाचणीएवढी भोकं पडली तर तेही जास्त आचेचंच लक्षण, पिठातल्या पाण्याची वाफ पापुद्रा फोडून बाहेर पडते. गोळा तव्यावरून उचलताना तार काढतो, तुटत नाही, तर पाणी जास्त झालं किंवा आपटणं कमी पडलं. पीठ परत भांड्यात टाकून पाच मिनिटं आपटावं. गोळा रबरासारखा आखडतो, पापुद्रा लहानच राहतो, तर त्याला अजून विश्रांती हवी. इथे पाणी वाढवायचा मोह होतो. तासभर थांबणं हाच त्यावरचा उपाय. पाचशे ग्रॅम मैद्याच्या वीस सेंटिमीटर व्यासाच्या साधारण पस्तीस ते चाळीस पाऱ्या होतात, त्यात सुरुवातीच्या वाया जाणाऱ्या धरलेल्या नाहीत.

हे हातवारे ज्यांना नकोत त्यांच्यासाठी ब्रशची पद्धत आहे, आणि घरगुती कामाला हीच जास्त चालते. मैदा १३० ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर १५ ग्रॅम, मीठ अर्धा छोटा चमचा, तेल एक छोटा चमचा, पाणी ३०० मिलिलिटर. आधी निम्म्या पाण्यात घोटून गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं पाणी, मग चहाच्या गाळणीनं गाळून किमान एक तास झाकून ठेवायचं. कॉर्नफ्लॉवरमुळे तळल्यावर कुरकुरीतपणा टिकतो, पण ते ३० ग्रॅमवर नेलं तर पारी गुंडाळताना चिरते. ब्रश दोन-अडीच इंच रुंद, मऊ केसांचा. सिलिकॉनचा नको, त्यात पीठ धरत नाही आणि पारीवर रेघा उमटतात. रंगाच्या दुकानातला नवा ब्रश कढत पाण्यातून दोनदा काढला की चालतो, फक्त त्याचे केस गळत नाहीत ना ते ओढून बघावं.

नॉनस्टिक तवा अगदी मंद आचेवर. प्रत्येक पारीआधी पीठ तळापासून ढवळायचं, कारण मैदा सतत खाली बसतो. न ढवळता केलेली पहिली पारी जाळीदार येते आणि शेवटची पुठ्ठ्याएवढी जाड. ब्रश बुडवून भांड्याच्या काठावर निथळायचा, मध्यापासून बाहेर गोलगोल फिरवायचा आणि राहिलेल्या फटींवर लगेच एक आडवा हात. हे तीन-चार सेकंदांत झालं पाहिजे. जमलेल्या भागावर पुन्हा ब्रश नेला की तो पापुद्रा उचकटून गोळा करतो. तवा जास्त तापला असेल तर ब्रश टेकवतानाच ‘चर्र’ होतं आणि पीठ पसरायच्या आत धरतं. तवा गॅसवरून उचलून ओल्या फडक्यावर दहा सेकंद टेकवावा. पाऊण मिनिटात कडा सुटतात. एवढ्या पिठाच्या वीस सेंटिमीटरच्या बावीस ते पंचवीस पाऱ्या होतात. गोळ्याच्या पारीपेक्षा ही किंचित ठिसूळ, पण दिसायला जास्त नीट.

इंडोनेशियातही लुम्पिया आहे आणि तिथल्या घरांत एक गमतीदार तवा असतो: मुठीचा, बाहेरून नॉनस्टिक केलेला. तो तापवतात, उपडा करून ताटलीतल्या पातळ पिठात क्षणभर टेकवतात आणि उचलतात. खालच्या बाजूला चिकटलेला थर म्हणजे पारी. हात, ब्रश आणि पिंप, सगळ्यांचा अर्क त्या एका कृतीत आहे.

ताज्या लुम्पियाची पारी बहुतेक घरांत अंड्याची करतात. दोन अंडी, ६० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम कॉर्नफ्लॉवर, २४० मिलिलिटर पाणी, चिमूटभर मीठ, एक मोठा चमचा तेल. मिश्रण तव्यात डावभर ओतायचं, तवा फिरवून सगळीकडे लावायचं आणि जास्तीचं परत भांड्यात ओतून टाकायचं. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात आणि मग पारीची धिरडी होतात. हिच्यात शिजवलेल्या भाज्या, खाली लेट्यूसचं पान, वरून सोया सॉस, ब्राऊन शुगर आणि कॉर्नफ्लॉवर शिजवून केलेला गोडसर दाट सॉस, बारीक चिरलेला कच्चा लसूण आणि दाण्याचा कूट. लसूण कच्चाच हवा, परतला की मजा जाते.

झालेल्या पाऱ्या उघड्यावर पाच मिनिटंही ठेवू नयेत. कडा वाळल्या की गुंडाळताना तिथूनच फाटतात. ताटलीवर एकावर एक रचून वरून ओलसर, पाणी न टपकणारं फडकं घालावं. ब्रशच्या पाऱ्यांमधे कॉर्नफ्लॉवर अगदी चिमटीनं भुरभुरावं. जास्त झालं तर ते तेलात उतरून जळतं आणि पारीची कड चिकटूही देत नाही. गठ्ठा चिकटलाच तर ओढाताण करू नये; मोदकपात्रात एक मिनिट वाफ दिली की पाऱ्या मऊ होऊन सुटतात. फ्रीजमध्ये घट्ट गुंडाळून दोन-तीन दिवस, फ्रीझरमध्ये बटर पेपर घालून महिना-दीड महिना. बाहेर काढताना पाकीट न उघडता रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं. एकदा सुटलेल्या पाऱ्या पुन्हा गोठवल्या की कडांचा भुगा होतो.

सारणाचा नियम एकच, ओलावा नको. पारी एवढी पातळ असते की सारणातलं पाणी तिला दहा मिनिटांत भिजवतं, मग ती तेलात फुटते आणि तेल उसळतं. शांघायसाठी अर्धा किलो पोर्कचा खिमा, एक मोठं गाजर, एक मोठा कांदा, पाच-सहा लसूण पाकळ्या, एक अंडं, मिरी, मीठ. गाजर-कांदा अगदी बारीक चिरून, चिमूट मीठ लावून दहा मिनिटांनी फडक्यात पिळून घ्यायचा. खिमा कच्चाच भरतात, म्हणून रोल बारीक असावा लागतो, दीड सेंटिमीटरच्या आसपास. जाड केला तर बाहेर करपतो आणि आत कच्चा राहतो. तोगेसाठी मुगाचे मोड आपल्या उसळीपेक्षा बरेच लांब लागतात, चार-पाच सेंटिमीटरचे. अंधारात, वर वजन ठेवून, दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारत चार-पाच दिवसांत ते तयार होतात. मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतून चाळणीत उपसायचे आणि पूर्ण गार झाल्यावरच भरायचे.

पारीची तव्याला लागलेली बाजू गुळगुळीत आणि कोरडी असते, ती बाहेर. वरची, जराशी चिकट बाजू सारणाकडे. कडेपासून दोन सेंटिमीटरवर सारणाची सरळ रेघ, पहिला वेढा घट्ट ओढून, मग पुढे. आत हवा राहिली की तिथेच फुगून फुटतं. शेवटच्या कडेला मैदा-पाण्याची पातळ खळ. तेल १७० अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर पारीचा तुकडा टाकून बघावा, तो क्षणभर बुडून लगेच बुडबुड्यांसकट वर यायला हवा. शांघायला सहा-सात मिनिटं लागतात. घरच्या पारीवर बाजारच्या पारीपेक्षा जास्त फोड येतात, कारण तिच्यात पाणी जास्त असतं. भरलेले रोल तळण्याआधी पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये उघडे ठेवले की ते कमी होतात. रंग फिकट सोनेरी असतानाच काढावेत, बाहेर आल्यावर तो आणखी चढतो. काढून चाळणीत उभे ठेवावेत, म्हणजे तेल टोकातून निथळतं. जास्तीचे रोल कच्चेच ताटात सुटे गोठवावेत आणि न वितळवता थेट तळावेत, आधी जरा मंद आचेवर, दोन-तीन मिनिटं जास्त.

सोबत व्हिनेगर, ठेचलेला लसूण, मिरची, मीठ, मिरी. एवढंच. तिकडचं तुबाचं व्हिनेगर माडीपासूनच होतं, त्यामुळे गोव्यातलं माडाचं व्हिनेगर इथे पर्याय म्हणून वापरायची गरज नाही, ती जवळजवळ तीच वस्तू आहे. बाटलीतलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर मात्र नुसतं आंबट लागतं.

गोड खाणाऱ्यांनी उरलेल्या पाऱ्यांचं तुरोन करावं. फिलिपिन्समध्ये त्याला साबा जातीची केळी लागतात, आखूड, जाड, शिजल्यावरही आकार न सोडणारी. आपल्या वेलची किंवा हिरव्या सालीच्या केळ्याचा तेलात लगदा होतो. वसईकडची राजेळी, पिकलेली पण अजून घट्ट, त्या जागी उत्तम. केळं उभं चिरून ब्राऊन शुगरमध्ये घोळवायचं, शेजारी पिकल्या फणसाची लांब चीर. फणस कापा हवा, बरक्याचा रस सुटतो. दोन्ही बाजू आत दुमडून घट्ट गुंडाळायचं. तेल जरा कमी तापवून त्यात तीन-चार मोठे चमचे साखर भुरभुरायची. ती वितळून तांबूस होत वर तरंगू लागली की तुरोन सोडायचे आणि चमच्यानं फिरवत राहायचं, साखर पारीवर काचेसारखी चढते. साखर काळसर व्हायच्या आत काढायचे, कारण तिथून कडू व्हायला काही सेकंद पुरतात. आणि काढून ठेवायचे ते तेल लावलेल्या जाळीवर, एकमेकांना न टेकवता. कागदावर ठेवले तर साखर कागदाला धरते आणि सोलताना पारीही घेऊन जाते.